नानांचे केस आणि माझा तलाव
कर्जतजवळच्या आमच्या छोट्या घरामागे 20 फूट लांब, 10 फूट रुंद आणि साडेचार फूट खोल असा पोहण्याचा तलाव मी हौसेने बांधून घेतला, आणि त्यात सुमारे 25,000 लिटर पाणी मावते, हे पाहुण्यांना न विचारताच सांगू लागलो. पावसाळा सरून ऑक्टोबरचे ऊन तापू लागले आणि पाणी शेवाळाने हिरवे झाले, तेव्हा मात्र पाहुणेच मला विचारू लागले, की यात मासे कोणते सोडले आहेत. रखवालदार अधिक व्यवहारी निघाला. तो म्हणाला, "साहेब, एखादी म्हैस तरी बांधा इथं."

मी क्लोरीनच्या गोळ्या टाकल्या. पाणी दोन दिवस पोपटी राहिले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा गर्द हिरवे झाले, म्हणून आणखी गोळ्या टाकल्या. क्लोरीनला उन्हापासून जपणारे सायन्युरिक ॲसिड या गोळ्यांतूनच पाण्यात साठत जाते आणि फार साठले की तेच क्लोरीनचे हात बांधते, हे मला पुष्कळ उशिरा कळले. त्यातच पाण्याचा पीएच, म्हणजे ते आम्ल की अल्क हे सांगणारा आकडा, 8 वर पोचला होता. 7.5 ला निम्मा क्लोरीन कामावर असतो, 8 ला जेमतेम पाव. माझ्या जुन्या कचेरीतली शनिवारची हजेरीसुद्धा याहून बरी असे.

अशा वेळी नाशिकहून नाना आले. त्यांचा जन्म द्राक्षबागेत गेलेला. "अरे, मोरचूद टाक," असे म्हणत त्यांनी अर्धा किलो मोरचूद बागेच्या हिशेबाने पाण्यात कालवला आणि तीन दिवस सकाळ-संध्याकाळ स्वतः डुंबून माझ्या भित्रेपणाची लाज काढली. चौथ्या दिवशी ओटीवर केस वाळवत बसलेल्या नानांकडे पाहून सौभाग्यवती हळूच म्हणाल्या, "अहो, नानांना शेवाळ आलं." पांढऱ्याशुभ्र केसांना मोरचुदातले तांबे चिकटले होते आणि कोवळ्या मेथीसारखी छटा उन्हात चमकत होती. दोन लिंबे चोळूनही ती हटेना. रविवारी पुतण्याचा साखरपुडा होता. आजवर अनेक व्यापाऱ्यांना पुरून उरलेल्या नानांना अखेर माझ्या तलावाने टोपी घातली.

नाना गेल्यावर मी अर्धे पाणी उपसून टँकर मागवला, ॲसिडने पीएच खाली आणला आणि ब्रश घेऊन तलावात उतरलो. शेवाळाच्या बुळबुळीत थराआड क्लोरीन पोचत नाही, त्यामुळे घासण्यावाचून गत्यंतर नव्हते; फरश्यांच्या सांध्यांतले काळे ठिपके तर तारेच्या ब्रशालाही दाद देत नव्हते, आणि एक ठिपका निघाला की त्यातून शाईसारखा धूर निघून पुढचे दहा दिसेनासे होत. उन्हात क्लोरीन उडतो, म्हणून किलोभर ब्लीचिंग पावडर बादलीत भिजवून तिची निवळी सूर्यास्तानंतर तलावात ओतली. गाळणी रात्रंदिवस चालू ठेवली. ती तुंबली की उलटे पाणी सोडून धुवायची, हे काम रखवालदाराने माझ्याकडेच ठेवले.

आठव्या दिवशी तळाच्या निळ्या फरश्या दिसल्या, आणि जूनपासून हरवलेला माझा चष्माही. मी उत्साहाने नानांना छायाचित्र पाठवले. पाच मिनिटांत त्यांचा फोन आला.

"बघ," नाना म्हणाले, "मोरचूद हळूहळू चढतो!"