‘फुप्फुसाचं ऑपरेशन केलं की हार्ट बंद पडतं’ या मेसेजला उत्तर

सध्या कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: फुप्फुसाचं ऑपरेशन केलं की हार्ट बंद पडतं. नंतर धडधडलं की समजा ॲटॅक आला. म्हणून आधी आठ दिवस बीपीच्या, हार्टच्या सगळ्या गोळ्या बंद करा आणि नंतर महिनाभर अंथरूण सोडू नका. मी भूलतज्ज्ञ आहे. हा मेसेज वाचून ऑपरेशन नको म्हणणारे पेशंट माझ्यासमोर बसतात, म्हणून हे लिहितोय.

हृदयाला त्रास होऊ शकतो, हे खरं आहे. पण सगळ्यात जास्त दिसणारा त्रास हार्ट बंद पडण्याचा नसून ठोके बिघडण्याचा आहे. वैद्यकीय भाषेत एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात आणि नाडी वेडीवाकडी, भरभर चालते. फुप्फुसाचा एक खंड काढलेल्या 100 पेशंटपैकी साधारण 10 ते 20 जणांना हे होतं, अख्खं फुप्फुस काढलं तर त्याहून जास्त. वय जितकं जास्त, तितकी शक्यता जास्त. ऑपरेशनची सूज, शरीरावर आलेला ताण, हृदयाला जोडलेल्या शिरांजवळ झालेलं काम आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर वाढलेला भार, अशी कारणं एकत्र येतात.

म्हणजे धडधडणं हा ॲटॅक नव्हे. हार्ट ॲटॅकमध्ये हृदयाचा रक्तपुरवठा अडतो. तोही या ऑपरेशननंतर येऊ शकतो, पण त्याचं प्रमाण पुष्कळ कमी आहे. ठोके बहुतेकदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बिघडतात, तेव्हा पेशंट आमच्या डोळ्यांसमोर, मॉनिटरवर असतो. पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासून भरून काढतो, ठोके आवरणारं औषध देतो. बहुतेकांची लय काही आठवड्यांत पूर्ववत होते. मात्र दुर्लक्ष केलं तर हृदयात गुठळी होऊन लकवा मारू शकतो, म्हणून काहींना काही काळ रक्त पातळ करणारं औषधही लागतं.

आता गोळ्यांचं. या मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. तपासणीला आलेले एक आजोबा औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करतात. नाडी आणि बीपी आवरणाऱ्या मेटोप्रोलोलच्या पट्टीत आठ दिवसांच्या गोळ्या तशाच शिल्लक, आणि नाडी पळतेय. मुलगा म्हणतो, “मेसेजमध्ये होतं की, डॉक्टर.” ही गोळी एकदम थांबवली की नाडी आणि बीपी उसळतं, आणि ऑपरेशननंतर ठोके बिघडण्याची शक्यता उलट वाढते. नियमित चालू असेल तर ती सहसा ऑपरेशनच्या दिवशी सकाळीसुद्धा घोटभर पाण्याबरोबर घ्यायला सांगतो. काही गोळ्या थांबवाव्या लागतात, हे खरं; पण कोणती आणि कधी, ते पेशंटगणिक बदलतं. हृदयाच्या रक्तवाहिनीत नुकताच स्टेंट (ती उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसलेल्या माणसानं रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनानं बंद केल्या, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन खरोखरचा ॲटॅक येऊ शकतो. असा पेशंट असला तर घाई नसलेलं ऑपरेशन आम्हीच पुढे ढकलतो.

ऑपरेशनआधी इसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी), फुंकून करायची फुप्फुसाची चाचणी हे सगळं होतंच. त्याशिवाय मी विचारतो, “जोतिबाच्या पायऱ्या न थांबता चढता का?” जिने चढण्याची रीतसर चाचणीही असते. माणूस किती दमतो, यावरून हृदय आणि फुप्फुस मिळून किती ताण झेलतील याचा चांगला अंदाज येतो.

महिनाभर अंथरुणात राहायचा सल्ला तर साफ चुकीचा. पडून राहिलं की कफ साचतो, न्यूमोनिया होतो, पायात गुठळ्या होतात. त्यातली एखादी फुप्फुसात गेली तर जीवावर बेततं. बहुतेकांना आम्ही दुसऱ्याच दिवशी उठवून चालवतो. नातेवाइकांनो, तेव्हा “झोपू द्या त्यांना” म्हणू नका.

घरी गेल्यावर धडधड सुरू झाली, चक्कर आली, दम वाढला, छातीत दुखलं, बोलताना जीभ जड झाली किंवा तोंड वाकडं झालं, तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी 108 ला फोन करा आणि ऑपरेशनची फाइल बरोबर घेऊन या.