गाडी उलटी आहे

‘तुम्ही एकट्याच ना? मग तुम्हाला काय, कुठेही बसाल!’

हे वाक्य मी लग्नाच्या हॉलमध्ये ऐकलंय, रातराणी एसटीत ऐकलंय, नाटकाच्या मध्यंतरात ऐकलंय. पण लाओसमध्ये, पहाटे साडेसहाला, समोर मेकाँग नदीवर धुकं पसरलेलं असताना तेच ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. त्याला आता बरेच दिवस झाले. कंबर बरी आहे. डोकं अजून ठणकतंय.

टूर होती लाओसच्या कमी गर्दीच्या भागांची. लाओसला जाणारे बहुतेक जण व्हिएंतियान, वांग व्हिएंग आणि लुआंग प्रबांग एवढं पाहून परततात. डिसेंबर २०२१ मध्ये चीनने बांधलेली रेल्वे सुरू झाल्यापासून तर ही तिन्ही ठिकाणं एका रुळावर आली. ती गाडी शियांग खुआंग प्रांतात जात नाही, म्हणून पर्यटकही फारसे जात नाहीत. आम्ही जाणार होतो, आणि तेवढ्यासाठी टूरवाल्यांनी पैसेही जास्त घेतले होते. मी एकटी असल्यामुळे माझ्याकडून आणखी जास्त. एकट्या माणसाला खोली पुरी लागते म्हणे. जोडप्याला अर्धी पुरते का, हे मी विचारलं नाही.

सहा जोडपी, मी आणि एक लाओ गाइड. गाडी म्हणजे व्हॅन. मागच्या बाकावर अर्ध्या भागात बॅगा कोंबलेल्या. गाइडला ड्रायव्हरशेजारची जागा दिल्यावर आमच्या वाट्याला आल्या बारा धड सीट आणि एक घडीची. ही घडीची सीट वाटेत उलगडते, पाठ कमरेपर्यंतच टेकते, हात ठेवायला काही नाही, आणि पट्टा आहे पण त्याचं दुसरं टोक कुठे असतं ते ड्रायव्हरलाही सापडलं नाही.

आता काका.

काका बँकेतून निवृत्त झालेले. टूरचे पैसे भरल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, आणि तिसऱ्या दिवशी सीट-रोटेशनचा चार्ट टाकला. रोज प्रत्येकाने घड्याळाच्या काट्याप्रमाणे एक जागा पुढे सरकायचं. निघायच्या आधी त्यांनी तो ए-फोर आकारात छापून लॅमिनेट करून घेतला. रंगीत चौकोन, वर तारखा, आणि आकडे मोठ्या ठळक देवनागरीत, कारण मराठी माणसाने मराठी आकडे वापरले पाहिजेत. या तत्त्वाला माझी हरकत नव्हती. ते तत्त्व माझ्या कमरेवर येणार आहे हे तेव्हा कुठे माहीत होतं!

लुआंग प्रबांगात सगळं पायी किंवा टुकटुकमधून झालं, त्यामुळे चार्टवर वेळ आली नव्हती. शियांग खुआंगमधल्या फोनसवानला निघायच्या सकाळी तो प्रथमच बाहेर निघाला. माझा आकडा होता ३. खिडकी, एकटीची सीट, दरवाजाजवळ. मी आदल्या रात्री तीनदा बघून ठेवलं होतं.

काकूंना मळमळतं. म्हणून काका त्यांना आधी पुढची सीट दाखवायला निघाले. त्यांनी पुढचं डावं दार उघडलं. आत ड्रायव्हर बसला होता. ड्रायव्हरने हात जोडले. काकांनीही जोडले. दार लावलं. मग ते गाडीला एक पूर्ण प्रदक्षिणा घालून आले आणि चार्टकडे बघत उभे राहिले.

लाओसमध्ये वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. स्टिअरिंग डावीकडे, प्रवाशांचं दार उजवीकडे. काकांचा चार्ट आपल्याकडच्या गाडीचा होता.

‘चार्ट चुकला का हो?’ ठाण्याच्या एका गृहस्थांनी विचारलं. यांचा आकडा ६, म्हणजे त्या दिवशीची घडीची सीट त्यांची. त्यामुळे त्यांच्या आवाजात आशा होती.

‘चार्ट चुकलेला नाही,’ काका म्हणाले. ‘गाडी उलटी आहे.’

मग त्यांनी जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्यांनी तो लॅमिनेट केलेला कागद पालथा केला, उजेडाकडे धरला आणि मागून आरपार वाचायला लागले.

‘हां. आता गाडीप्रमाणे झाला.’

डावीकडचं उजवीकडे गेलं, हे खरं. पण आकडेही उलटे झाले. आणि देवनागरी ३ उलटा केला की काय दिसतो, ते एकदा कागदावर लिहून उजेडात धरून बघा.

‘तुमचा सहा,’ काका मला म्हणाले.

‘काका, तो तीन आहे. मागून बघताय म्हणून सहा दिसतोय.’

‘मागून कुठे? सुलटा केलाय कागद. गाडी उलटी होती ना!’

‘अहो, पण माझं नाव आहे त्या चौकोनात.’

‘नाव आता वाचता येत नाही,’ काका शांतपणे म्हणाले. ‘उलटं आहे.’

‘मग आकडा तेवढा सुलटा कसा?’

‘आकडा स्पष्ट दिसतोय. सहा. हे बघा, पोट इकडे, शेपूट तिकडे.’

‘आमचा मग तीन का?’ ठाण्याचे गृहस्थ मध्येच म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता माझ्या खिडकीत जाऊन बसले. पट्टासुद्धा लावला. पट्टा लावलेल्या माणसाला उठवणं किती अवघड असतं हे तोवर मला माहीत नव्हतं.

काकांचा स्वतःचा आकडा होता ४. चार मागून, पुढून, कसाही धरा, चारच राहतो. मी हे तिथल्या तिथे बोलून दाखवलं. काकांनी ते कौतुक म्हणून घेतलं.

शेवटचा मुद्दा म्हणून मी म्हटलं, ‘काका, तुमचाच नियम आहे ना, जोडपी तोडायची नाहीत? हे इथे येऊन बसले, यांच्या मिसेस मागे पाच नंबरवर एकट्या राहिल्या.’

सगळ्यांनी त्या वहिनींकडे पाहिलं. त्यांनी तोवर शेजारच्या घडीच्या सीटवर पर्स, शाल आणि चिवड्याची पिशवी मांडली होती. नवऱ्यापासून सुटका झालेली बाई इतकी प्रसन्न मी क्वचित पाहिलीय. ‘माझी काही हरकत नाही हो,’ त्या म्हणाल्या.

आणि तेव्हा काकांनी ते वाक्य टाकलं. एकट्याच ना, कुठेही बसाल.

गाइड हे सगळं पाऊण तास बघत होता. लहानपणी काही वर्षं त्याने विहारात भिक्षू म्हणून काढली होती असं तो आदल्या दिवशी सांगत होता. ती वर्षं त्या सकाळी त्याच्या कामी आली. त्याने काही विचारलं नाही, घड्याळ दाखवलं नाही, फक्त हसत दार धरून उभा राहिला. मी चिवड्याची पिशवी उचलली आणि बसले.

एकट्या माणसाबद्दल लोकांची एक पक्की समजूत असते, की तो सामानासारखा कुठेही मावतो. रेल्वेत लोअर बर्थ मी दोन महिने आधी काढते, आणि दर वेळी कोणीतरी येतंच: ‘ताई, आमची फॅमिली आहे, तुम्ही जरा वर जाल का?’ जाते. लग्नात शेवटच्या पंगतीत ‘ती एकटी आहे, तिला मुलांच्या टेबलावर बसवा.’ बसते. आणि ज्या गोष्टीचे जास्त पैसे पडतात तिथे मात्र मी अचानक दोन माणसांएवढी होते. तेव्हा कोणी म्हणत नाही, एकट्याच ना, मग कमी द्या.

असो. रस्ता.

लुआंग प्रबांगहून आधी १३ नंबरचा राष्ट्रीय मार्ग, मग फू खून गावाला वळून ७ नंबरचा. डोंगराच्या अंगाखांद्यावरून जाणारा, सरळ असा पाव किलोमीटर न सापडणारा रस्ता. बाजूला धारेवर ओळीने घरं, पुढे वाळत घातलेली केरसुणीची गवतं, मागे थेट दरी. हे मला सहप्रवाशांनी सांगितलं. मला दिसत होती पुढच्या सीटची पाठ आणि तिला लटकवलेली प्लॅस्टिकची पिशवी. त्या पिशवीचा उपयोग पहिल्या तासातच झाला. काकांचं ‘गाडी उलटी आहे’ हे विधान तेव्हा दुसऱ्या अर्थानेही सिद्ध झालं.

आणि घडीच्या सीटचा खरा जुलूम तेव्हा कळला. ती वाट अडवते. मागच्या कोणालाही खाली उतरायचं झालं, मग ते पोटासाठी असो, फोटोसाठी असो की नुसते पाय मोकळे करायला असो, आधी मी उठायचं, सीट दुमडायची, उतरायचं, सगळे चढले की पुन्हा चढायचं आणि सीट उलगडायची. मी प्रवासी नव्हते, दरवाजा होते. वहिनी मात्र दर वेळी ‘सॉरी हं’ म्हणायच्या आणि मुलीच्या स्थळांची कथा जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू करायच्या. मुलाला टक्कल होतं की नव्हतं हे फू खूनपर्यंत ठरलं नव्हतं.

वाटेत गाइडने माइक घेतला. १९६४ ते १९७३ या नऊ वर्षांत अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. सुमारे ५ लाख ८० हजार उड्डाणं. सरासरी काढली तर दर आठ मिनिटांना एक विमानभर बॉम्ब, दिवसरात्र, नऊ वर्षं. आपण चाललोय तो शियांग खुआंग सगळ्यात जास्त भाजलेल्या प्रांतांपैकी. क्लस्टर बॉम्बमधले कोट्यवधी छोटे बॉम्ब न फुटता जमिनीतच राहिले, लोक त्यांना ‘बॉम्बी’ म्हणतात, आणि ते आजही शेतात नांगराला लागतात.

गाडीत शांतता पसरली. मग काकांनी हात वर केला.

‘माझा एक प्रश्न आहे,’ ते इंग्रजीत म्हणाले. ‘उद्या हीच गाडी आहे की दुसरी?’

फोनसवानला पोचेपर्यंत उन्हं कलली होती. हे गाव तसं नवं. प्रांताची जुनी राजधानी मुआंग खून बॉम्बवर्षावात बेचिराख झाली, म्हणून इथे हे वसवलं. साधारण अकराशे मीटर उंचीवरचं पठार, डिसेंबरात चक्क स्वेटर लागतो. आणि त्या पठारावर गवतात उभे-आडवे पडलेले दगडी रांजण. पहिल्या स्थळावरच तीनशेहून जास्त. काही माणसापेक्षा उंच, अखंड दगडातून कोरलेले. २०१९ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. स्थानिक कथा अशी, की खून चुंग नावाच्या राजाने लढाई जिंकल्यावर तांदळाची दारू मुरवायला ते घडवले. १९३०च्या दशकात मादलेन कोलानी या फ्रेंच बाईंनी इथे उत्खनन केलं, जळकी हाडं आणि मणी मिळाले, आणि रांजण मृतांसाठी होते असं त्यांनी मांडलं. मला या बाईंबद्दल फार आदर वाटतो. माझ्या माहितीप्रमाणे त्यांना कोणी घडीच्या सीटवर बसवलं नव्हतं.

पायवाटेवर जमिनीत छोट्या खुणा बसवलेल्या आहेत, अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या लाल. पांढऱ्या बाजूची जमीन बॉम्बपासून पूर्ण साफ केलेली, लाल बाजूची तशी नाही. गाइडने दोनदा बजावलं. काका लगेच खुश झाले, कारण अशी शिस्त त्यांना समजते. त्यांनी सगळ्यांना पांढऱ्या बाजूला एका रांगेत उभं केलं आणि फोटोचा कार्यक्रम जाहीर केला: प्रत्येक जोडप्याचा एकेक रांजणापाशी.

फोटो कोण काढणार?

माझ्या हातात सहा फोन दिले. ‘थोडं मागे व्हा, रांजण पूर्ण येऊ दे.’ ‘आडवा घ्या.’ ‘आता उभा घ्या.’ ‘यांचे डोळे मिटलेत.’ सकाळचा पाऊण तास आणि वाटेतले थांबे यांनी आधीच निम्मा वेळ खाल्ला होता, उरलेला हा असा. झाकण असलेला एक रांजण तिथे आहे. तो मी पाहिला तो ठाणेकर दांपत्याच्या मागे, स्क्रीनवर, अर्धा. माझा एकमेव फोटो काकूंनी काढला. त्यात रांजण छान आलाय. मी हनुवटीपासून खाली आहे.

दुसऱ्या दिवशी बान नापिया. इथले लोक बॉम्बांच्या आणि विमानांच्या भंगारातलं अ‍ॅल्युमिनियम वितळवून चमचे ओततात. एक बाई चुलीपुढे बसली होती. लाकडी चौकटीत राखेचा साचा, वरून एक बोटभर भोक. तिने पळीने पातळ चांदीसारखं काहीतरी भोकात ओतलं, मी डोळे मिचकावेपर्यंत साचा उघडला, आणि आतून आख्खा चमचा काढून तो गार व्हायला बाजूला टाकला. तोंडाजवळची जादा धातूची शेपटी मोडून पुन्हा भांड्यात. एवढं मोठं युद्ध, आणि ही बाई त्यातून वरणाचा चमचा काढत होती.

काकांनी भाव केला. तिने दहा हजार किप सांगितले. रुपयाला अडीचशे किपच्या आसपास दर होता, म्हणजे चाळीस रुपये. काका सहा हजारांवर अडून बसले. मला लाज वाटली, राग आला, आणि मी नेहमीप्रमाणे काहीच बोलले नाही. शेवटी काकूंनी पर्स उघडून पूर्ण पैसे मोजून ठेवले आणि नवऱ्याकडे बघितलंही नाही. त्या सगळ्या टूरमधलं मला पटलेलं एकमेव रोटेशन ते.

संध्याकाळी काका उदार झाले. ग्रुपची आठवण म्हणून चमचे वाटले. प्रत्येक जोडप्याला जोडी, सुतळीत बांधून.

मला एक.

‘तुम्हाला दुसरा कशाला लागतोय,’ ते खरंच प्रेमाने म्हणाले.

परत आल्यावर मी टूरवाल्यांना पत्र लिहिलं. एकटीचे जादा पैसे घेतलेत तर गाडीत धड जागा द्यायला नको का? उत्तर आलं, की ती रक्कम खोलीची असते, गाडीतली बैठक ‘प्रवाशांच्या आपसातल्या सहकार्याने’ ठरते. खाली हसणारं पिवळं तोंड.

परवा काकांचा मेसेज आला. पुढच्या वर्षी कंबोडिया, पण अंकोर नाही, तिथे फार गर्दी. ईशान्येकडचं रतनकिरी. तिथेही गाडी उलटीच असते, त्यामुळे जुनाच चार्ट चालेल, लॅमिनेशनचा खर्च वाचला. पाच जोडप्यांनी अंगठे दाखवले.

मी अर्ध्या तासाने लिहिलं, येते, पण मला ४ नंबर हवा.

निळ्या खुणा दोन्ही आल्यात. उत्तर नाही.