अँटिऑक्सिडंटची गोळी आणि पोटातलं बाळ: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्लास्टिकमध्ये वापरली जाणारी बीपीए आणि थॅलेटसारखी रसायनं आईकडून गर्भापर्यंत कशी पोहोचतात, या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि रागावून लिहिलंत. त्याला दोन ओळींचं उत्तर पुरणार नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

तुमचा आक्षेप असा: प्रयोगशाळेतल्या उंदरांना अँटिऑक्सिडंट (ऑक्सिडेशन, म्हणजे ऑक्सिजनमुळे पेशींची होणारी झीज, रोखणारे पदार्थ) दिल्यावर पिल्लांचं नुकसान कमी झालं, हे मीच सांगितलं आणि शेवटी गरोदर बाईने अशा गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत, असंही मीच लिहिलं. ‘आधी प्लास्टिकची भीती घालायची आणि मग हाताशी असलेला उपायही काढून घ्यायचा? जीवनसत्त्वाच्या गोळीने कुणाचं वाईट झालंय?’ असं तुम्ही विचारता. तुमच्या मुलीला दिवस गेले आहेत आणि ती सी व ई जीवनसत्त्वांची मोठ्या मात्रेची गोळी घेते, हेही तुम्ही लिहिलंय. या प्रश्नामागची काळजी मला समजते.

उंदरांवरचे प्रयोग मी नाकारत नाही. त्यांत नेमकं काय मोजलं जातं, तेवढं मात्र पाहायला हवं. गाभण मादीला बीपीए किंवा एखादं थॅलेट देतात. दुसऱ्या गटाला त्याच्या जोडीला ई जीवनसत्त्व, मेलाटोनिन, सेलेनियम किंवा एन-ॲसिटिलसिस्टीन यांसारखं अँटिऑक्सिडंट देतात. नंतर पिल्लांच्या यकृतात, वृषणात ग्लुटाथायोन (शरीर स्वतःच बनवतं ते अँटिऑक्सिडंट) किती उरलं, मेदाचं ऑक्सिडेशन किती झालं हे तपासतात. दुसऱ्या गटाचे आकडे बरेचदा चांगले येतात, आणि ते येणारच. कारण अँटिऑक्सिडंटचं जे काम, त्याचंच मोजमाप तिथे बहुतेक वेळा चाललेलं असतं.

पण या रसायनांना ‘संप्रेरकांत (हार्मोन्समध्ये) ढवळाढवळ करणारी’ म्हणतात ते काही ऑक्सिडेशनमुळे नाही. बीपीए इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीतल्या निरोप घेणाऱ्या जागेला, जाऊन चिकटतं आणि पेशीला वाटतं, संप्रेरकाचाच निरोप आला. त्यासाठी मुक्त कणांची, म्हणजे ऑक्सिडेशन घडवणाऱ्या अस्थिर कणांची, गरज लागत नाही, म्हणून मुक्त कण टिपणारी गोळी त्या निरोपाला अडवू शकत नाही. काही थॅलेट मुलगा असलेल्या गर्भाच्या वृषणात टेस्टोस्टेरॉन कमी बनू देतात. माणसात साधारण आठव्या ते चौदाव्या आठवड्यात पुरुष-जननेंद्रियांची पायाभरणी होते आणि त्या काळात टेस्टोस्टेरॉन पुरेसं लागतं. तेव्हा राहिलेली कसर पुढे ऑक्सिडेशन कितीही कमी केलं तरी भरून निघत नाही. ऑक्सिडेशनचा ताण स्वतःही संप्रेरकांच्या निर्मितीत अडथळा आणतो, त्यामुळे अँटिऑक्सिडंटचा थोडा उपयोग होणं शक्य आहे. पण ‘थोडा उपयोग शक्य आहे’ आणि ‘गोळी घेतली, आता चिंता नाही’ या दोन विधानांतलं अंतर मला फार मोठं वाटतं.

पिवळ्या उंदरांचा दाखला तुम्ही दिलात, तो चांगला आहे आणि मला आवडतोही. 2007 मध्ये डॉलिनॉय, ह्वांग आणि जर्टल यांनी अगूटी जातीच्या उंदरांवर तो प्रयोग केला. आईच्या खाण्यात बीपीए मिसळलं की पिवळ्या रंगाची पिल्लं जास्त होत, कारण एका जनुकावरचे मिथाइल गट (जनुकाचं काम दाबून ठेवणाऱ्या छोट्या रासायनिक खुणा) कमी होत. आहारात फोलिक ॲसिडसारखे मिथाइल पुरवणारे घटक किंवा सोयाबीनमधलं जेनिस्टीन घातलं की हा परिणाम दिसेनासा होई. मात्र इथे वाचवलं ते मिथाइलच्या पुरवठ्याने किंवा जेनिस्टीनने. सी आणि ई जीवनसत्त्वांचा तिथे संबंधच नव्हता. शिवाय जेनिस्टीन स्वतःच इस्ट्रोजेनसारखं वागतं. असा पदार्थ गरोदर बाईने भरपूर घ्यावा, हे मी कुठल्या तोंडाने सांगू?

आता ‘कुणाचं वाईट झालंय’ या प्रश्नाकडे येते. तुमची मुलगी घेते तीच जोडी, म्हणजे रोज 1000 मिलिग्रॅम सी आणि 400 युनिट ई, गरोदरपणातला रक्तदाबाचा आजार टळावा म्हणून हजारो स्त्रियांना देऊन पाहिली गेली आहे. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत सुमारे 2400 जोखमीच्या स्त्रिया होत्या. आजार टळला नाही, उलट गोळी घेणाऱ्यांमध्ये कमी वजनाची बाळं जास्त जन्मली. 2010 च्या अमेरिकेतल्या चाचणीत सुमारे दहा हजार जणी होत्या. तिथेही फायदा झाला नाही. या चाचण्या बीपीएसाठी नव्हत्या, हे खरं. पण कागदावर पटणारं कारण आणि बाळाला झालेला लाभ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांतून दिसतं.

गोळीचा फायदा गृहीत का धरता येत नाही, याचं एक कारण मला महत्त्वाचं वाटतं. पहिल्या काही आठवड्यांत वारेभोवती ऑक्सिजन मुळातच कमी असतो. दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास आईच्या रक्ताचा प्रवाह नीट सुरू होतो, ऑक्सिजन वाढतो आणि त्याबरोबर वारेतली संरक्षक विकरंही (एन्झाइम्स) वाढतात. ऑक्सिडेशनचे सौम्य संकेत पेशींच्या वाढीत भागही घेतात. ते सगळे दाबून टाकणं हे संरक्षणच ठरेल असं गृहीत धरता येत नाही.

आणि डीईएस विसरू नका. हे कृत्रिम इस्ट्रोजेन गर्भपात टाळण्यासाठी 1940 च्या दशकापासून लाखो स्त्रियांना दिलं गेलं. 1953 मध्ये शिकागोतल्या चाचणीत त्याचा उपयोग नसल्याचं दिसलं, तरी ‘अपाय तर नाही ना’ म्हणून ते देणं चालूच राहिलं. 1971 मध्ये हर्ब्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की तरुण मुलींमधल्या योनीच्या एका दुर्मीळ कर्करोगाचा संबंध त्यांच्या आयांनी घेतलेल्या डीईएसशी आहे. सी जीवनसत्त्व म्हणजे डीईएस नव्हे, तशी तुलना मी करत नाही. पण गरोदर बाईला काही द्यायचं, तर आधी पुरावा मागायचा, हे मी तिथून शिकले. फोलिक ॲसिडने तो पुरावा दिला आहे, म्हणून त्याबद्दल माझा एका शब्दाचाही आक्षेप नाही.

मग करायचं काय? बीपीए आणि थॅलेट शरीरात फार काळ टिकत नाहीत. काही तासांत त्यांचा बराचसा भाग लघवीवाटे जातो. आपण रोज नव्याने घेतो, म्हणून ते रोज सापडतात. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच कुटुंबांतल्या वीस जणांना तीन दिवस डबाबंद आणि प्लास्टिकमधलं अन्न टाळून ताजं अन्न दिलं, तेव्हा लघवीतलं बीपीए सरासरी 66 टक्क्यांनी आणि डीईएचपी या थॅलेटचे अवशेष निम्म्याहून कमी झाले. अभ्यास लहान आहे, पण कुठल्याही गोळीपेक्षा मला तो जास्त धीर देतो. पीएफएएससारखी वर्षानुवर्षं टिकणारी रसायनं अशी पटकन निघून जात नाहीत. तिथे आईने एकटीने काही करण्याला मर्यादा आहेत आणि तिच्याकडून ती अपेक्षा करणंही अन्यायाचं आहे. 2023 मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने बीपीएची रोजची सुरक्षित मात्रा आधीच्या वीस हजाराव्या हिश्शावर आणली आणि पुढच्या वर्षाअखेरीस तिथे अन्नाला लागणाऱ्या साहित्यात बीपीएवर बंदीचा नियम झाला. असे निर्णय सरकारांनीच घ्यायचे असतात. ‘बीपीएमुक्त’ लिहिलेल्या डब्यात त्याचं भावंड बीपीएस असू शकतं आणि तेही इस्ट्रोजेनसारखंच वागतं. एवढा शोध लावायची जबाबदारी दिवस गेलेल्या मुलीवर टाकू नये.

तुमच्या मुलीने आजवर घेतलेल्या गोळ्यांनी धसका घ्यावा असं काही मी म्हणत नाही. वर सांगितलेले परिणाम मोठ्या गटांच्या सरासरीतून दिसतात, एखाद्या बाळाचं भविष्य त्यातून वाचता येत नाही. तिला एवढंच सांगा: गरम अन्न प्लास्टिकऐवजी काचेत किंवा स्टीलमध्ये ठेव, डबाबंद पदार्थ शक्य तितके टाळ, फोलिक ॲसिड चुकवू नकोस. आणि पुढच्या तपासणीला ती बाटलीच डॉक्टरांकडे घेऊन जा. त्यात ए जीवनसत्त्व रेटिनॉलच्या रूपात आहे का आणि किती, हे त्यांना आधी पाहू दे, कारण ते जास्त झालं तर गर्भाला अपाय होतो.