दुधावरून कोणी पंथ सोडत नाही

मॉर्मन चर्च या अमेरिकेत जन्मलेल्या ख्रिस्ती पंथातून रीतसर नाव कमी करून घेणाऱ्यांबद्दल एक ठरलेलं वाक्य फिरत असतं: कुणी काही बोललं म्हणून रुसले, नाहीतर पंथात वर्ज्य असलेल्या दारू-कॉफीची मोकळीक हवी होती. वर पुस्ती, की जाणं बंद करायचं, राजीनाम्याचा तमाशा कशाला?

रुसव्याचा दाखला हमखास थॉमस मार्शचा. हा मॉर्मन चर्चच्या पहिल्या बारा प्रेषितांचा, म्हणजे वरिष्ठ नेत्यांचा, प्रमुख. चीज करायला त्याची बायको आणि शेजारच्या हॅरिसबाई आळीपाळीने एकमेकींना सगळं दूध देणार होत्या. मार्शबाईंनी म्हणे धारेच्या शेवटी येणारं दाट दूध मागे ठेवलं, भांडण वरपर्यंत गेलं, निकाल विरुद्ध लागला आणि मार्श बाहेर पडला. पण ही गोष्ट सांगितली जॉर्ज ए. स्मिथ या दुसऱ्या प्रेषिताने, १८५६च्या प्रवचनात. मार्शने स्वतः ऑक्टोबर १८३८मध्ये मिसूरीत जे प्रतिज्ञापत्र दिलं, त्यात दूध नाही. मॉर्मनांच्या सशस्त्र टोळ्या, जाळपोळ आणि लूट आहे. अठरा वर्षांनी सांगितलेलं दूध तेवढं लोकांच्या लक्षात राहिलं.

दुखावून जाणारे असतातही, नाही कशाला म्हणा. पण २०१४मध्ये चर्चनेच आपल्या संकेतस्थळावर मान्य केलं, की पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याच्या बायका ३० ते ४०च्या घरात असाव्यात आणि त्यांतली एक पंधराचीही झाली नव्हती. रविवारच्या वर्गात हे कधी कानावर न पडलेल्या माणसाने ते वाचून राजीनाम्याचं पत्र लिहिलं, तर त्याला रुसवा म्हणायचं?

कॉफीचं तर सोडाच. बिअर प्यायला पत्र लागत नाही. पत्र दिलं की बाप्तिस्मा रद्द आणि चर्चच्या मंदिरात विधीने अनंतकाळासाठी जोडलेलं कुटुंबाचं नातंही. आईवडील श्रद्धाळू असतील तर ते पत्र त्यांना काय वाटतं, याचा विचार करा. एवढी किंमत पेल्यासाठी कोण मोजेल?

राहिला तमाशा. नुसतं जाणं बंद केलं तरी नाव नोंदवहीत राहतं, डोकं मोजणीत धरलं जातं. नोव्हेंबर २०१५मध्ये चर्चने नियम काढला: समलिंगी जोडप्यांच्या मुलांना १८ वर्षांपर्यंत बाप्तिस्मा नाही. आपलं नाव त्या मोजणीत नको म्हणून चर्चचं मुख्यालय असलेल्या सॉल्ट लेक सिटीत शेकडो माणसं राजीनामे घेऊन जमली. एप्रिल २०१९मध्ये तो नियम मागे घेतला. तेव्हा गेलेल्यांना आता परत यायचं, तर बाप्तिस्मा पुन्हा घ्यावा लागतो.