तागडी वस्तुमानच मोजते

'वजन पाच किलो' म्हणणारा प्रत्येक जण चुकतो, कारण वजन म्हणजे गुरुत्वाकर्षणाची ओढ आणि ती न्यूटन या एककात मोजतात, असं वजन-वस्तुमानावरच्या एका लेखात म्हटलंय. हे मला पटलं नाही. आमचं खानापूरला किराणा दुकान होतं. वडील रोज सकाळी रिकामी तागडी उचलून आधी पासंग, म्हणजे दोन पारड्यांतला फरक, बघायचे, मगच पहिलं गिऱ्हाईक. एका पारड्यात लोखंडी माप, दुसऱ्यात तांदूळ. मापाच्या बुडाशी भोकात शिसं भरलेलं आणि त्यावर तपासणीचा शिक्का. गुरुत्वाकर्षण दोन्ही पारड्यांना सारखंच ओढतं, म्हणून तीच तागडी चंद्रावर नेली तरी तांदूळ किलोला किलोच भरतील. वडील तोंडाने 'वजन' म्हणायचे आणि मोजायचे वस्तुमान, म्हणजे वस्तूत द्रव्य किती आहे ते!

न्यूटनचा प्रश्न येतो तो स्प्रिंगच्या आणि आताच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर. ते ओढ मोजतात आणि आकडा किलोत दाखवतात. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत ही ओढ साधारण अर्ध्या टक्क्याने वाढते, म्हणजे किलोमागे पाचेक ग्रॅम. म्हणून अचूक काटा वापरायच्या जागीच प्रमाणित मापाने जुळवून घ्यावा लागतो. लेखात नेमकं हेच राहून गेलंय. आमच्या बेळगाव भागात तर बाजारात मराठीत 'वजन', कन्नडमध्ये 'तूक'. शाळेत मराठीत 'वस्तुमान', कन्नडमध्ये 'द्रव्यराशी'. कन्नड माध्यमातल्या माझ्या नातीला द्रव्यराशीची व्याख्या तोंडपाठ होती, पण अर्थ सांगता येईना. शेवटी माळ्यावरची जुनी तागडी काढून तिच्या हातात दिली.