वय वर्षे ३ आणि पुढे

युरोपात कॉम्प्युटरच्या खेळांवर वयाचे शिक्के मारतात. २००३ पासूनची ही पद्धत, तिचं नाव पेगी. हिरव्या चौकोनात ३ हा आकडा दिसला की समजायचं, खेळ सगळ्या वयांना चालतो. रक्त नाही, शिव्या नाहीत, पोरं रात्री दचकून उठतील असं काही नाही. खेळ सोपा की अवघड, याच्याशी त्या आकड्याचा काडीचा संबंध नसतो. शिवाय तो आकडा खेळातल्या हिंसेपुरता बोलतो. खेळणाऱ्यांमध्ये होणाऱ्या हिंसेसाठी कुठल्याच रंगाचा चौकोन अजून निघालेला नाही.

आमच्या घरात हा हिरवा चौकोन मुलानं आणला. तो पुण्यात नोकरी करतो. मे महिन्यात आला तेव्हा जुन्या कॉम्प्युटरवर एक खेळ टाकून गेला. म्हणाला, "बाबा, डोक्याला जरा चालना मिळेल." पोरं कमवायला लागली की त्यांना आईबापाच्या डोक्याची काळजी वाटू लागते. खेळ तसा निरुपद्रवी. दोन टोपीवाले बुटके, एक लाल, एक निळा. उड्या मारायच्या, खोकी ढकलायची, बटणावर उभं राहून दारं उघडायची आणि दोघांनी मिळून झेंडा गाठायचा. एकटाच पोचला तर खेळ मान्य करत नाही. हे सगळं तसंच पडून राहिलं असतं, पण ऑगस्ट आला.

ऑगस्टात सांगलीकर एकमेकांची तब्येत विचारत नाहीत. "किती फूट?" एवढंच विचारतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतं. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हापासून नदीजवळच्या गावभागातली शहाणी माणसं पस्तिशीलाच पिशव्या भरतात. आमचे काका त्यांतले. यंदा पाणी ३६ फुटांवर गेलं आणि काका, काकू, नात मनू, दोन ट्रंका, अर्धं पोतं गहू आणि देव असे सगळे विश्रामबागेत आमच्याकडे आले. आई ८१ वर्षांची, मनू आठची, आणि आम्ही बाकीचे मधल्या इयत्तांत. शाळा बंद, बाहेर पाऊस, टीव्हीवर सारखा तोच पूल. मनूनं कॉम्प्युटर लावला आणि सगळी वयं त्याच्यासमोर येऊन बसली.

या जातीच्या खेळांची गोम अशी, की त्यांत दोन खाती असतात. एक डोक्याचं, एक बोटांचं. काय करायचं ते आधी सुचायला हवं आणि मग ते करता यायला हवं. मनूच्या बोटांना सगळं येतं, पण विचार करायला तिला सवड नाही. मला सगळं सुचतं. कुठून जायचं, काय ढकलायचं, कुठं थांबायचं, सगळं दिसतं. फक्त माझा निळा बुटका कड्यावरून उडी न मारता सरळ चालत दरीत जातो.

उडीचं शास्त्र मुलानं फोनवर समजावलं. बटण जास्त वेळ दाबलं तर उडी उंच जाते. आणि हे खेळ करणारे लोक दयाळू असतात. कड्यावरून पाय सुटल्यावरही सेकंदाचा दहावा भाग वगैरे ते तुम्हाला उडी मारू देतात. कार्टूनमधला तो कायोटी कडा संपला तरी हवेत धावत राहतो, त्याच्यावरून या सवलतीला कायोटी टाइम म्हणतात. म्हणजे माझ्यासारख्यांची सोय खेळातच केलेली आहे आणि माझा उशीर त्या सोयीतही बसत नाही. उडी मारताना मी स्वतः खुर्चीत अर्धा उठतो, खांदे वर, मान पुढे. बायको म्हणाली, "अहो, तो उडणार आहे. तुम्ही बसा."

ती लाल चालवत होती आणि तिचा आरोप होता की मी मुद्दाम तिला पाडतो. झालं असं, की आम्ही दोघं एकाच कीबोर्डवर, कोपराला कोपर. तिनं दोन बटणं दाबलेली असली की माझी उडी लागायचीच नाही. मी म्हणायचो तू अडवतेस, ती म्हणायची तुम्हाला जमत नाही. पुन्हा मुलाला फोन. तो म्हणाला, साध्या कीबोर्डात बटणांखाली आडव्या-उभ्या तारांची जाळी असते. ठरावीक तीन बटणं एकदम दाबली तर तिसरं नेमकं कोणतं ते त्याला ओळखू येत नाही, म्हणून तो ते सोडूनच देतो. शेजाऱ्यांकडून दुसरा कीबोर्ड आणला. आता प्रत्येकाची तारांची जाळी वेगळी. माझी उडी तरीही लागली नाही. पण तोवर मी तारांवर बरंच बोलून घेतलं होतं.

मग खोका आला आणि काका पुढे सरकले.

काकांनी हळदीच्या अडतीत हयात काढली. पोतं कसं उचलायचं, थप्पी कशी लावायची, यावर त्यांच्याशी कोणी वाद घालत नाही. पडद्यावर मनूनं खोका भिंतीपर्यंत ढकलला आणि तो कोपऱ्यात बसला. आता मागे घ्यायची सोय नाही, कारण या खेळात खोका ढकलता येतो, ओढता येत नाही.

"ओढता येत न्हाई म्हंजे?" काका म्हणाले. "हात हायत की त्याला."

मी सांगितलं, हा नियम जुना आहे. हिरोयुकी इमाबायाशी या जपानी माणसानं गोदामात पेट्या ढकलणाऱ्या माणसाचा सोकोबान नावाचा खेळ केला, तो १९८२ साली बाजारात आला. तेव्हापासून पेटी ढकलायचीच, तीही एका वेळी एकच. काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "असला हमाल आमच्या यार्डात दुपारच्याला घरी धाडला असता."

ही कोडी संगणकालाही जड जातात, हे जोसेफ कल्बरसन यांनी १९९७ साली गणितानं दाखवून दिलंय. मी ते सांगत असताना बायकोनं कणीक मळता मळता, "आधी डावीकडून वर चढ, मग ढकल," असं मनूला सांगितलं आणि दार उघडलं. संशोधन तिथंच थांबलं.

पुढे एक अंधारी विहीर होती. मनू उडी मारणार, तोच काका ओरडले, "थांब!" हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवात साठवायचे. पेवात उतरायच्या आधी कंदील खाली सोडून हवा बघायची, कंदील विझला तर माणूस उतरायचा नाही. मनू म्हणाली, "आजोबा, याच्याकडे कंदील नाहीये." काका म्हणाले, "मग हा उतरणार न्हाई." खेळ बराच वेळ तिथं अडला. शेवटी काका लघवीला गेले तेव्हा मनूनं उडी मारून घेतली.

पण खरी कटकट बटणाची. एक बुटका बटणावर उभा असेल तोवरच दुसऱ्याला दार उघडं. उभं कोणी राहायचं? मी सहजपणे पुढे निघालो. पलीकडे नाणी होती, ती गोळा करू लागलो. मागून आवाज आला, "मी इथंच उभी राहू ना? सवय आहेच." खोलीत एकदम शांतता. काकूंनी काकांकडे बघितलं, काकांनी पंख्याकडे. वातावरण बघून काकाच म्हणाले, "मी ऱ्हातो उभा. मला काय, यार्डात जलमभर उभाच हुतो." आणि तेव्हापासून निळा त्यांचा. बटण दाबून धरणं या कामात त्यांनी असा जम बसवला, की जेवायला उठतानाही ते खेळाच्या बुटक्याकडे नजर ठेवून असत.

मग पाण्याची खोली आली. वर उंच दार, खाली एक लाकडी खोका, आणि आत शिरताच तळातून पाणी चढायला लागलं. या घरात त्या दिवसांत चढतं पाणी दाखवणं हे त्या खेळाला शोभलं नाही. काकू उठून उभ्या राहिल्या. काका म्हणाले, "अलमट्टीचा विसर्ग किती?" मनू या कठड्यावरून त्या कठड्यावर पळत होती, बुडत होती, पुन्हा सुरू करत होती. मी डाव्या कठड्याचं सुचवत होतो, बायको उजव्या.

आई मागे वाती वळत बसली होती. खेळाकडे तिचं लक्ष आहे असं कोणाला वाटलं नव्हतं. ती पडद्यावरच्या विटांच्या ओळी मोजत होती. "तीन विटा झाल्या," ती म्हणाली. "पळू नका गं. पाणी येऊ दे."

"मोठी आजी, बुडेल तो!"

"खोका लाकडाचा आहे ना? त्यावर उभं कर त्याला आणि गप्प राहा. भाऊजी, २०१९ ला तुमच्याकडचा चौरंग आठवतो का? देवघरातून निघाला आणि जिन्यापर्यंत आला होता."

मनूनं लाल बुटक्याला खोक्यावर उभं केलं. पाणी चढलं. खोका हलला, सुटला, आणि बुटक्याला घेऊन सावकाश वर निघाला. चार विटा, पाच, सहा. दारापाशी आल्यावर बुटका नुसता चालत पलीकडे गेला. एकही उडी लागली नाही.

आईला लगेच खुर्ची मिळाली. ती एका बोटानं खेळते, एक बटण दाबते, चष्म्यातून वर बघते, काय झालं ते तपासते, मग दुसरं दाबते. कायोटी टाइमची तिला गरज नाही, कारण कड्याच्या जवळ ती जातच नाही.

पाणी ३८ वरूनच मागे फिरलं. काका घरी निघाले तेव्हा खेळ नेमका एका दारापाशी होता. आईचा लाल पलीकडे, काकांचा निळा बटणावर. मी बंद करायला गेलो तर काकांनी माझा हात धरला. "बंद केलंस तर माझा माणूस हलंल." मग कॉम्प्युटर नुसता झोपवून ठेवला, आणि त्याला हात लावायचा नाही असं घरातल्या सगळ्यांना बजावून, देव, ट्रंका आणि उरलेले गहू घेऊन काका गेले.

पुढच्या आठवड्यात सकाळीच बेल वाजली. दारात काका, हातात भडंगाचा पुडा. म्हणाले, "पुलावर पाणी बघाय निघालो हुतो. म्हटलं जाता जाता डोकावावं." गावभागातून पूल पायी जाण्याइतका जवळ. विश्रामबाग बरोबर उलट्या दिशेला, मिरजेच्या वाटेवर. मी काही बोललो नाही.

"वहिनींची पूजा झाली?"

"व्हायचीय."

"होऊ दे सावकाश." त्यांनी कॉम्प्युटरपुढची खुर्ची ओढली. "तवर मी उभा ऱ्हातो. आन् जरा बघतो, आज तरी खोका ओढता येतोय का."