विद्यार्थ्यांना विश्वासात घेताना बाळगावयाची सावधगिरी

वर्गातील अध्यापन सुधारण्यासाठी विद्यार्थी आणि प्राध्यापकांनी एकत्र बसावे, अशी टूम आपल्याही महाविद्यालयात निघाली असेल, तर घाबरून जाण्याचे कारण नाही. नुकताच अशा एका समितीत प्राध्यापक-सदस्य म्हणून बसलो असल्याने, अध्यापनाला धक्काही न लावता ही सुधारणा कशी पार पाडावी, याचे काही खात्रीचे उपाय सांगू शकतो.

पहिली काळजी विद्यार्थी निवडताना घ्यावी. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार महाविद्यालय विकास समितीवर विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिव असतात खरे. पण त्यांनी तेथे तोंड उघडावे, अशी सक्ती कायद्याने केलेली नाही. स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन करणारी गुणी मुले अशा कामी उत्तम. तासाला हात वर करून ‘सर, हे कळलं नाही’ म्हणणाऱ्यास मात्र दूर ठेवावे.

बैठक शक्यतो तासाच्या वेळेतच ठेवावी.

सत्र संपता संपता अभिप्राय घ्यावा, म्हणजे त्याचा उपयोग करण्याची वेळ कोणावर येत नाही. ‘आपले नाव गुप्त राहील’ असे फॉर्मच्या माथ्यावर लिहून खाली हजेरी क्रमांकाची चौकट अनिवार्य करावी, आणि अंतर्गत गुण अजून भरायचे आहेत याची सहज आठवण करून द्यावी. महाविद्यालयांची गुणवत्ता तपासणाऱ्या नॅक या राष्ट्रीय संस्थेच्या विद्यार्थी समाधान सर्वेक्षणात 21 प्रश्न असतात. त्यांतले 20 निरुपद्रवी आहेत, पर्याय निवडला की संपले. शेवटचा मात्र अध्ययन-अध्यापन सुधारण्यासाठी तीन सूचना मागतो. तेथे ‘गुड’ लिहावे, असे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

एवढे करूनही एखादी मुलगी खरे बोललीच, तर इतिवृत्तावर भिस्त ठेवावी. आमच्या बैठकीत द्वितीय वर्ष वाणिज्यच्या एका विद्यार्थिनीने चक्क वही उघडून दाखवली. कॉस्टिंगचे गणित स्लाइडवरून उतरवलेले, उत्तर बरोबर, आणि ‘वर्किंग नोट्स’ (उत्तर कसे आले त्याची आकडेमोड) या शब्दांखाली कोरी जागा, कारण तेवढ्यात सरांनी स्लाइड पुढे नेली होती. ‘एक गणित फळ्यावर सावकाश सोडवा, दुसरे आम्हाला दहा मिनिटे सोडवू द्या आणि कुठे अडतो ते फिरून बघा,’ एवढेच तिचे म्हणणे होते. त्यावर ‘मग अभ्यासक्रम कोण पूर्ण करणार?’ असा प्रश्न विचारला गेला आणि चहा आला. पुढे सहीसाठी आलेल्या इतिवृत्तात मी वाचले: ‘विद्यार्थी प्रतिनिधींनी अध्यापनाबाबत समाधान व्यक्त केले व स्मार्ट बोर्डची मागणी केली.’ स्मार्ट बोर्ड! त्या मुलीने साधा फळा मागितला होता, तोही भिंतीवर आधीपासून असलेला! मी हरकत घेतली, तर ‘अहो सर, हे नॅकसाठी असतं, एवढं काय मनावर घेता’ असे उत्तर मिळाले. म्हणजे अध्यापनाची गुणवत्ता तपासणाऱ्यांना दाखवण्यासाठी आपण ती सुधारण्याची एकमेव कामाची सूचना खोडून टाकायची, आणि त्या खोडाखोडीला गुणवत्ता म्हणायचे!

तासिका तत्त्वावर राबणारा, दोन महाविद्यालयांत धावपळ करणारा तरुण प्राध्यापक ‘मला वेळ नाही’ म्हणाला, तर मी समजू शकतो. पण पूर्ण पगार घेऊन वर्षानुवर्षे त्याच स्लाइड वाचून दाखवणाऱ्यांनी हे कारण सांगू नये. दहा मिनिटांना ना अनुदान लागते, ना विद्यापीठाची परवानगी. मुले वर्गात येत नाहीत म्हणून आपण स्टाफरूममध्ये गळे काढतो. येऊन जी सांगते, तिचे बोलणे कागदावरून पुसतो. लाज वाटली पाहिजे. सत्र अर्धे व्हायच्या आत वर्गाला बिननावाच्या चिठ्ठीवर विचारा की काय कळत नाही, आणि पुढच्याच तासाला त्यातले काय बदलणार व काय बदलता येणार नाही, ते त्यांच्यासमोर उभे राहून सांगा. हेही जमत नसेल तर समिती बरखास्त करा. निदान मुलांचे तास तरी बुडणार नाहीत.